खाणीचा गाळ बसलेल्या शेतातून धातू सुटतात कसे? (आणि यंदा भात लावावं का?)

वाळवंटीकाठ
नमस्कार मंडळी. आमची शेती गोव्यात डिचोली तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. वर खाणीचा जुना डंप (टाकाऊ माती-दगडाचा ढीग) आहे. गेल्या पावसात डंपाखालचा बांध फुटला आणि पाटातून तांबडा गाळ थेट शेतात उतरला. वरच्या कुणग्यांत (भातखाचरांत) वीतभर थर बसलाय, सुकल्यावर भेगा पडून खापरीसारखा झालाय.

काकांनी मातीची तपासणी करून घेतली. मृदा आरोग्य पत्रिकेत लोह आणि मँगनीज, दोन्हींपुढे 'पुरेसे' असा शेरा आहे. काका खूश. म्हणतात, "सरकारनंच सांगितलं, पुरेसं आहे. लाव भात."

माझी शंका अशी की ही धातूंनी भरलेली माती नुसती पडून राहिली तर एक वेळ ठीक, पण धातू मातीतून सुटून पाण्यात आणि पिकात येतो कधी? कशामुळे? शिवाय शेतात साचलेल्या पाण्यावर तेलासारखा इंद्रधनुषी तवंग दिसतो. वर खाणीची यंत्रं होती, त्यांचं डिझेल तर नसेल? जाणकारांनी लिहावं.

शीतकडी
लोह पुरेसं आहे म्हणजे बरंच झालं की. हिमोग्लोबिनच्या गोळ्या वाचल्या. :)

मीनल_मडगाव
वाचतेय.

रसायनमास्तर
वाळवंटीकाठ, पत्रिकेतला 'पुरेसे' हा शेरा टंचाईच्या बाजूने दिलेला असतो. ही योजना २०१५ साली सुरू झाली ती खतांचा हिशेब नीट बसावा म्हणून. बारा गोष्टी तपासतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम यांचं नावही त्यात नसतं. डीटीपीए या रसायनाच्या द्रावणात उतरणारं, म्हणजे पिकाला मिळू शकणारं लोह साधारण साडेचार पीपीएमच्या वर गेलं की 'पुरेसे'. मग ते २० असो नाहीतर २००, शेरा तोच. काकांना म्हणावं, या कागदावर 'जास्त' असा रकानाच नाही.

आता सुटण्याबद्दल. आपल्या खाणींतलं लोह म्हणजे मुख्यत्वे हेमॅटाइट आणि गोएथाइट. दोन्ही ऑक्साइडं, साध्या पाण्यात ढिम्म हलत नाहीत. त्यांच्या कणांच्या अंगावर आर्सेनिक, शिसं, निकेल, जस्त असे इतर धातू चिकटून बसतात. मँगनीजची ऑक्साइडं तर कोबाल्ट आणि शिशाला फार घट्ट धरतात. कोरड्या, हवा खेळणाऱ्या मातीत हे सगळं जागच्या जागी राहतं.

भातासाठी तुम्ही चिखलणी करता, पाणी अडवता. ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या दहा हजार पट हळू पाण्यातून पसरतो. मातीत उरलेला ऑक्सिजन जिवाणू काही दिवसांत संपवतात. मग श्वासासाठी ते आधी नायट्रेट वापरतात, ते संपलं की मँगनीज, त्यानंतर लोह, आणि अगदी शेवटी सल्फेट. या श्वासोच्छ्वासात मँगनीज आणि लोह ज्या रूपात जातात ते रूप पाण्यात विरघळतं. ज्या कणाला बाकीचे धातू चिकटलेले होते तो कणच विरघळला की तेही मोकळे.

म्हणजे एकाच शेतातली माती मे महिन्यात निरुपद्रवी आणि जुलैत नाही. तपासणीला नमुना देताना तो सावलीत सुकवून, चाळून देतात. तुमचा कागद मे महिन्याबद्दल बोलतोय.

अवांतरानंद
मास्तर, जिवाणू लोखंडावर श्वास घेतात हे वाचून मला धाप लागली.

ताम्रपट
मास्तरांनी नेमकं लिहिलंय. भूगर्भाच्या बाजूने थोडी भर.

खाणीचं पाणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आम्लधर्मी पाणी येतं. ते होतं गंधकयुक्त खनिजांमुळे. पायराइटला हवा आणि पाणी मिळालं की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि ते शेजारचे सगळे धातू ओढून काढतं. स्पेनमधली रिओ तिंतो नदी त्यामुळेच लाल आहे. आपल्याकडचं खनिज पट्टेदार लोहखडकांचं, त्यावर लाखो वर्षं पाऊस आणि ऊन पडून ते कुजत गेलेलं. वरच्या भागातला गंधक केव्हाच धुऊन गेलाय. त्यामुळे आपल्या डंपातून रिओ तिंतोसारखं आम्ल वाहत नाही. आपला प्रश्न बारीक गाळाचा आहे, आणि तो गाळ पाण्याखाली गेल्यावर काय करतो याचा.

एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन माती-दगड बाजूला काढावा लागतो. तो जातो डंपावर. त्यात फिलाइट खडकाची गुलाबी चिकणमाती असते आणि बऱ्याच ठिकाणी मँगनीजयुक्त माती. कण जितका बारीक तितका त्याचा पृष्ठभाग जास्त, आणि धातू चिकटतात ते पृष्ठभागावर. पावसाने सगळ्यात आधी उतरतो तोही हाच बारीक माल. डंपावरचा दगड डंपावरच राहतो.

बार्जवाला
झालं सुरू. गोव्याची माती जन्मापासून तांबडी आहे. जांभा दगड काय खाणवाल्यांनी आणून टाकला? पणजोबांच्या विहिरीच्या कडेलाही तांबडा थर असायचा, तेव्हा कुठे खाण होती? सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने. २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, २०१८ मध्ये ८८ लीज रद्द. या सगळ्यात माझी बार्ज धक्क्याला लागून गंजली आणि ड्रायव्हरची मुलं शाळेतून निघाली. त्या लोखंडाचा हिशेब कोण मांडणार? आता कुठे पुन्हा सुरू होतंय, तर लगेच धागे.

कुळागरी
बार्जवाले, तुमचं दुःख खरंच आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मी येईन. पण इथे प्रश्न बांध फुटून आलेल्या गाळाचा आहे. न्यायालयाने खाण थांबवली तेव्हा पाऊस थांबला नव्हता. बंदीच्या वर्षांतही आमच्या कुळागराच्या (सुपारीबागेच्या) पाटात गाळ येतच होता, उलट डंपाची डागडुजी करायला कोणी नव्हतं.

ताम्रपट
बार्जवाला यांचा पहिला मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नाही. जांभ्याच्या प्रदेशात खाण नसली तरी लोह भरपूर असतं, विहिरीत तांबडा साका येतो, भाताला लोहाची बाधाही होते. म्हणून नुसता लोहाचा आकडा दाखवून खाणीवर ठपका ठेवता येत नाही. डंपाच्या वाटेवर नसलेल्या, त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाच्या शेतातला नमुना शेजारी ठेवावा लागतो. शेतात खणून बघितलं तर फरक डोळ्यांनाही कळतो : वर बारीक, घट्ट, गुळगुळीत थर आणि त्याखाली काळपट, मुळ्यांनी भरलेली जुनी शेतमाती.

बार्जवाला
हे मान्य. असं बोला म्हणजे ऐकता येतं.

सांगेकार
मँगनीजचा खेळ बघायचा तर साळावलीला या. धरणाच्या पाणलोटात जुन्या खाणी आहेत आणि तिथल्या पाण्यातल्या मँगनीजबद्दल पेपरांत बरंच येऊन गेलंय. पाणी नितळ दिसतं आणि नळाखालच्या बादलीला मात्र काळा-तपकिरी थर बसतो. मास्तर, हे पण तेच का?

रसायनमास्तर
तेच. खोल जलाशयात उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं थंड पाणी त्याच्याखाली अडकतं. तळाशी ऑक्सिजन संपतो आणि गाळातलं मँगनीज विरघळून वर येऊ लागतं. विरघळलेलं मँगनीज दिसत नाही. शुद्धीकरणात क्लोरीन लागला किंवा हवा लागली की त्याचं पुन्हा ऑक्साइड होतं आणि तो काळा थर पडतो. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ०.१ मिलिग्रॅम मँगनीज चालतं, दुसरा स्रोत नसेल तर ०.३ पर्यंत. लोह हवा लागताच लगेच तांबडं होऊन खाली बसतं, मँगनीज आळशी आहे, नुसत्या हवेने लवकर बसत नाही. म्हणून घरच्या साध्या गाळणीतून लोह जातं आणि मँगनीज राहतं.

चिंचेचं_झाड
साळावली म्हटलं की मला कुर्डी आठवतं. धरणात गेलेलं गाव, मे महिन्यात पाणी ओसरलं की वर येतं. मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. आमचे मामा दरवर्षी सोमेश्वराच्या उत्सवाला जायचे, एरवी पाण्याखाली असलेल्या अंगणात बसून जेवायचे.

अवांतरानंद
चिंचेच्या झाडाने माझं काम हिरावून घेतलं.

पावसाळी_बेडूक
मूळ पोस्टमधल्या तवंगाबद्दल कोणीच बोललं नाही. मला वाटतं ते डिझेलच असावं. आमच्या गावात बंद खाणीच्या आवारात गळके पिंप वर्षानुवर्षं पडून होते.

रसायनमास्तर
काठी घ्या आणि तवंगात घाला. काचेच्या तुकड्यांसारखा फुटून वेगळा झाला तर तो लोहाचा, जिवाणूंनी केलेला. काठी काढल्यावर पुन्हा एकत्र आला तर तेल. वासही घ्या. यातून लोह खाणीचं की जांभ्याचं ते कळणार नाही. एवढंच कळेल की मातीतलं लोह विरघळून वर येतंय.

शीतकडी
आमच्याकडे तवंग फक्त सुंगटाच्या (कोळंबीच्या) कढीवर येतो. काठीऐवजी चमचा चालेल का?

कुळागरी
वाळवंटीकाठ, भरपूर शेणखत आणि गिरिपुष्पाचा पाला घाला. आमच्याकडे बागेला त्यानेच जीव आला. सेंद्रिय खत सगळं बांधून ठेवतं.

मृदगंधा
मी माती-पाणी तपासणीच्याच कामात आहे, म्हणून इथे जरा थांबवते. कुळागरात पाणी साचत नाही, तिथे पाला चालेल. भाताच्या शेतात चिखलणीच्या तोंडावर ताजं शेण किंवा हिरवा पाला गाडला तर जिवाणूंना मेजवानी मिळते, ऑक्सिजन आणखी लवकर संपतो आणि लोह-मँगनीज आणखी जोरात सुटतं. कुजलेलं कंपोस्ट बरंच आधी मिसळा. त्यातला ह्यूमस काही धातू धरून ठेवतो हे खरं, पण सेंद्रिय आम्लांचे हलके रेणू धातूंना सोबत घेऊन पाण्यात फिरतातही. 'सेंद्रिय म्हणजे सुरक्षित' हा हिशेब मातीला ठाऊक नाही.

दुसरी गोष्ट एकूण धातू आणि उपलब्ध धातू यांची. खासगी प्रयोगशाळेत कडक आम्लात माती विरघळवून एकूण आकडा काढतात. तो हजारोंत येतो आणि माणूस घाबरतो. एकूण म्हणजे बँकेतली मुदत ठेव, पीक खर्च करतं ते खिशातले पैसे. खिशात किती हे बघायला माती टप्प्याटप्प्याने वेगवेगळ्या द्रावणांनी धुतात : आधी सैल चिकटलेला धातू, मग कार्बोनेटातला, मग लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांतला, मग सेंद्रिय पदार्थातला, आणि शेवटी खडकाच्या स्फटिकात अडकलेला, जो जवळजवळ कधीच सुटत नाही. १९७९ पासून ही पद्धत जगभर वापरतात. आपल्या गाळाबाबत तिसऱ्या टप्प्याकडे बघायचं, कारण भातशेती तोच दरवाजा उघडते.

मीनल_मडगाव
मृदगंधा, एक विचारू? आम्ही जुवारी नदीतल्या तिसऱ्या (शिंपल्या) आवडीने खातो. नदीतल्या गाळाचं पण असंच होतं का?

मृदगंधा
नदीत आणखी एक खेळाडू येतो, मीठ. खाऱ्या पाण्यातलं सोडियम, मॅग्नेशियम कणावर सैल चिकटलेल्या धातूंची जागा घेतात, आणि क्लोराइड कॅडमियमला धरून पाण्यात ठेवतं. उलट विरघळलेलं लोह खाऱ्या पाण्याला भेटलं की गुठळ्या होऊन तळाशी बसतं, सोबत इतर धातूंनाही घेऊन. मांडवी आणि जुवारीच्या गाळात लोह-मँगनीज वाढल्याचं दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी बरंच अभ्यासलंय. तिसऱ्या पाणी गाळून खातात, म्हणून गाळातलं त्यांच्या अंगात साठतं. कधीमधी खाल्ल्याने काही होत नाही. रोज तेच, त्याच जागचं, लहान मुलांना देऊ नका.

पावसाळी_बेडूक
आणि खाजनात? आमची खाजन शेती (खाडीकाठी बांध घालून केलेली) आहे, मानस (खारं पाणी अडवणारं दार) मोडल्यापासून पडीक.

ताम्रपट
खाजनात उलटी तऱ्हा. तिथे खाऱ्या चिखलात पायराइट असतो, पाण्याखाली असेतो गप्प. शेत पडीक राहून खोलवर सुकलं की त्याला हवा लागते आणि आम्ल तयार होतं, सामू झपाट्याने खाली येतो. मग ॲल्युमिनियम, लोह आणि बाकी सगळं सुटतं. वरच्या शेतात पाणी साचल्याने धातू सुटतो, खाजनात सुकल्याने. मानस दुरुस्त करून घ्या.

पुणेकर_नाही
जपानमधल्या इताई-इताई रोगाचं कोणी लिहिलं नाही अजून. जिन्झू नदीच्या वर कामिओकाची जस्ताची खाण, तिचं पाणी भातशेतीला, भातात कॅडमियम. हाडं इतकी ठिसूळ झाली की खोकल्याने मोडायची. १९६८ मध्ये सरकारने मान्य केलं की हा प्रदूषणाचा आजार आहे. शेतांची माती बदलायचं काम २०१२ पर्यंत चाललं.
अवांतर : त्याच कामिओकाच्या खाणीत आज न्यूट्रिनो पकडायची प्रयोगशाळा आहे.

बार्जवाला
म्हणजे बंद खाणीत पण नोकऱ्या असतात तर.

रसायनमास्तर
उदाहरण महत्त्वाचं, पण जपून. ती जस्ताची खाण होती आणि जस्ताबरोबर कॅडमियम येतंच. आपली लोहाची. इथे आधी बघायचं ते लोह, मँगनीज, मग आर्सेनिक, शिसं, क्रोमियम, निकेल.

त्यातून एक पेच मात्र कळतो. शेतात पाणी उभं असेपर्यंत कॅडमियम गंधकाशी बांधलेलं असतं, कापणीआधी पाणी सोडलं की ते सुटतं. आर्सेनिकचं नेमकं उलट, पाणी उभं असताना सुटतं, वाफसा आला की लोहाला पुन्हा चिकटतं. चुन्याचंही तसंच. चुन्याने सामू वाढला की शिसं, निकेल, मँगनीज गप्प बसतात, आर्सेनिक मात्र सैल होऊ शकतं. म्हणून आधी कोणता धातू ते ठरवा, मग उपाय. कोणी सरसकट 'चुना टाका' म्हणालं तर त्याला आकडे विचारा.

वाळवंटीकाठ
सगळ्यांचे आभार. रविवारी शेतावर जाऊन काठी घातली. तवंग पापुद्र्यासारखा तुटला, जोडला गेला नाही, वास नाही. खणूनही बघितलं : वर तांबडा चिकट थर, खाली जुनी काळपट माती, अगदी ताम्रपट म्हणतात तशी. खालच्या कुणग्यात गाळ नखभरच आहे.

काकांना 'जास्त' असा रकाना नाही हे सांगितलं. ते म्हणाले, "मग आधी का नाही सांगत?" आता विचारायचं ते असं : वरच्या कुणग्यांत यंदा भात लावू की नको? आणि गवताचं काय? गुरं तेच खातात.

मृदगंधा
वीतभर गाळ असलेल्या कुणग्यांत यंदा नको. आधी गाळ खरवडून बाहेर काढा. जुन्या मातीत नांगरून मिसळू नका, मिसळल्यावर तो कोणालाच वेगळा करता येणार नाही. काढलेला गाळ पाटाच्या कडेला टाकू नका, पहिल्याच पावसात परत येईल. काढण्याआधी फोटो आणि पंचनामा करून घ्या, भरपाईच्या अर्जाला लागेल. खर्चाचं पंचायतीत विचारा. जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी खाणबाधित गावांसाठीच असतो.

खालच्या कुणग्यात लावा, पण पाणी सतत उभं ठेवू नका. फुटवे आल्यावर एकदा पाणी सोडून वाफसा येऊ द्या, मग पुन्हा भरा. पालाश कमी पडू देऊ नका, पालाश आणि जस्त कमी असलं की लोहाची बाधा जास्त होते. जुन्या पानांच्या टोकाकडून बारीक तपकिरी ठिपके दिसायला लागले तर ती तीच. मुळांवर तांबडा लेप दिसला तर घाबरू नका. भाताची मुळं ऑक्सिजन बाहेर सोडून लोहाला तिथेच बसवतात, त्यात थोडं आर्सेनिकही अडकतं.

मँगनीज दाण्यात कमी आणि पाना-गवतात जास्त जातं. म्हणून पहिल्या वर्षीचं गवत एकट्याने गुरांना घालू नका, दुसरीकडच्या चाऱ्यात मिसळून द्या. शिसं मुळाच्या वर फारसं चढत नाही, ते येतं धुळीने आणि पानांवर उडालेल्या चिखलाने.

शीतकडी
म्हणजे तांबडी भाजी?

मृदगंधा
तांबडी भाजी गाळाच्या कुणग्यात अजिबात नको. दुसरीकडची असली तरी तीन पाण्यांनी धुवा. तिचा तांबडा रंग तिचा स्वतःचा आहे, खाणीचा नाही, हे आधीच सांगते. :)

कुळागरी
विहिरीचं राहिलं. शेताला लागून विहीर आहे का?

वाळवंटीकाठ
आहे, पण पिण्याला वापरत नाही. बागेला लागते.

मृदगंधा
तरी एकदा तपासा, आणि पावसाळ्यात तपासा, शेतात पाणी उभं असताना. साधी बाटली काठोकाठ भरायची, आत हवा ठेवायची नाही. धातूंसाठीच्या बाटलीत प्रयोगशाळा आधीच आम्ल घालून देते, ती विसळू नका. त्याच दिवशी नेऊन द्या. बाटलीत आम्ल नसेल तर वाटेतच लोह खाली बसेल आणि अहवालात विहीर स्वच्छ दिसेल. मातीचे नमुने तिन्ही ठिकाणचे वेगळे द्या : गाळ, गाळाखालची माती आणि डंपाच्या वाटेवर नसलेलं शेत. अर्जावर 'शिसं, आर्सेनिक, क्रोमियम, निकेल' असं स्पष्ट लिहा. नुसतं 'माती तपासणी' लिहिलंत तर पुन्हा त्याच बारा गोष्टी येतील.

बार्जवाला
गाळ काढायला टिपर लागला तर सांगा, ओळखीचा एक आहे. डिझेलचे पैसे द्या, पुरे.

वाळवंटीकाठ
बार्जवाले, खरंच लागेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. पंचनामा झाला की फोन करतो.